मुकादमाचा तळवा

१ जानेवारी १९६१, रविवार

जावईबापू काल होडीने खाडी उतरून आले आणि ही डायरी देऊन गेले. नामदेव मुंबईत एका औषधाच्या कंपनीत गोदामावर आहे, त्यामुळे पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव आणि दर पानाच्या तळाशी एकेका औषधाची जाहिरात. आजच्या पानाखाली जुलाबाच्या गोळ्या आहेत. नवीन वर्षाला याहून मोठा आशीर्वाद कोणता?

नामदेव म्हणाला, "तात्या, तुमी सातवी पास. तुमच्यासारखं अक्षर गावात कुनाचं नाय. रोज चार ओळी लिवा." सासऱ्याला चढवायला हरभऱ्याचं झाड कुठे असतं ते या पोराला बरोबर ठाऊक आहे. मी चढलो. चढून लिहितो आहे.

तर नाव गोटीराम म्हात्रे, वय बावन्न, राहणार जुहूगाव, वाशीच्या शेजारी. भाईशेठच्या मिठागरावर मुकादम. मुकादम म्हणजे नुसता ओरडणारा माणूस असं लोकांना वाटतं. ओरडायला शेठचा कुत्राही आहे. माझं खरं काम माझ्या तळव्यात आहे. पावसाळा सरला की वाफ्यांतला चिखल आमची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, रांगेने, पंधरा-पंधरा दिवस पायांनी तुडवतात. तळ घट्ट बसला पाहिजे. नाही बसला तर मीठ ओढताना खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं निघतं. आता तळ बसला की नाही हे बघणार कसं? वर घोटाभर गढूळ पाणी, तिथे डोळे काय कामाचे! तिथे मी उतरतो, अनवाणी. आधी टाच टाकतो, मग चवडा. कच्च्या जागी टाच नखभर आत जाते, आणि ते नखभर फक्त टाचेलाच कळतं. मग मी म्हणतो "बसला" किंवा "कच्चा". मी बसला म्हटलं की खाडीचं पाणी आत घेतात. कच्चा म्हटलं तर शेठचा बाप आला तरी घेत नाहीत. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं आहे. चार ओळी लिहायच्या होत्या, बऱ्याच झाल्या.

४ जानेवारी

गोजराने आज नवा शोध लावला. मोरीच्या मागे मी जिथे लघवीला बसतो तिथे मुंग्या जमतात.

"तुमी बसता थयंच जमतान. मी बसते थयं एक पन नाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मुंग्यांना माणसाची पारख असते."

"पारख र्‍हाऊ द्या. चार हंडे पानी मी भरते, त्यातला एक तुमचे एकल्याचे पोटात जातो. आनि रातचे पाच येला उठता."

बायको रात्री जागी राहून नवऱ्याचं उठणं मोजते, याला संसार म्हणतात. मिठात उभा राहणारा माणूस पाणी पिणार नाही तर काय करणार? आणि प्यालेलं पाणी कुठेतरी जाणारच. यात काय शोध आहे?

७ जानेवारी, शनिवार

बेलापूरच्या बाजारात गेलो होतो. घरी आलो तर गोजरा दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघते आहे.

"दुसरी चप्पल कं झाली?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नाही. कुठे निघाली, कधी निघाली, देव जाणे. बेलापूरपासून एक चप्पल घालून आणि एक न घालता मी राजासारखा चालत आलो आणि वाटेत भेटलेल्या एकाही माणसाने सांगितलं नाही. गाव असावं तर असं!

चांभाराने इतकी हलकी चप्पल बनवली की पायातून गेली तरी कळू नये. म्हणजे कारागिरी झाली की फसवणूक, हे मला ठरवता येईना. गोजरा मात्र हसली नाही. एरवी हसायला तिला एवढंही लागत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला. मी सात लाडू घेतले आणि कोणाशी गोड बोललो नाही.

एक चांगली गोष्ट लिहून ठेवतो. गेली दोन वर्षं तळव्यांची आग आग व्हायची, मुंग्या यायच्या, गोजरा काशाच्या वाटीने तूप चोळत बसायची. यंदा सगळं थांबलं. आग नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखं वाटतं. आयुष्यात मोजे कधी घातले नाहीत, देवाने फुकट दिले. शेवटी वाटीचा गुण आला म्हणायचा. गोजराला तसं सांगितलं तर म्हणाली, "इकत्या दिसांनी? मी तर दिवाळीपासून वाटी हातात पन धरली नाय."

बायकांना गुण आलेलाही बघवत नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

आज अकरा वाफे पास केले. शेठ बंधाऱ्यावर छत्री घेऊन उभे, तुडवणारी सगळी माणसं रांगेने कंबरेवर हात देऊन उभी, आणि मी पाण्यात. असा दिवस वर्षातून एकदाच येतो. लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकी माणसं बघत नव्हती.

टाच टाकत गेलो. सगळीकडे एकसारखं लागलं. गेली अठ्ठावीस वर्षं कुठे ना कुठे दोन-चार जागा तरी कच्च्या निघायच्या. यंदा एकही नाही. अकराच्या अकरा बसले! शेठ खूश. मी म्हटलं, पोरांनी यंदा पाय चांगले मारले.

तेवढ्यात पंढरी पुढे आला. हा तुडवणाऱ्यांच्या रांगेतला पहिला माणूस. वय पस्तीस, बोलणं वर्षाला दहा वाक्यं. त्यातलं एक त्याने आज शेठसमोर खर्च केलं.

"मुकादम, पूर्वेचे सहा वाफे आजून कच्चे हायत. माझी टाच जाते."

मी म्हटलं, "तुझी टाच जाते, कारण तुझं डोकं तिच्यात आहे. जड झाली असेल."

सगळे हसले, शेठ पण हसले. पंढरी हसला नाही. मान खाली घालून पाण्याकडे बघत राहिला. मग पाणी घेतलं.

खरं सांगायचं, ही डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, पूर्वेकडे टाच टाकली तेव्हा मला काहीच लागलं नाही. घट्टही नाही आणि मऊही नाही. पण मऊ लागलं नाही म्हणजे घट्टच असणार. तिसरं काय असतं?

२३ जानेवारी

सकाळी गोजरा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओणवी होऊन काहीतरी बघत होती.

"यो रगताचा माग कुनाचा?"

दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून माझ्या पाटापर्यंत लाल ठिपके. मी म्हटलं मांजराने उंदीर आणला असेल. ती ठिपके बघत बघत माझ्यापर्यंत आली, माझा उजवा पाय उचलला, आणि तळव्यातून बोटभर लांबीची कालवाची शिंप ओढून काढली. काल खाडीच्या कडेने आलो तेव्हा घुसली असणार. म्हणजे ती तिथे रात्रभर होती. मी तिच्यावर झोपलो, उठलो, मोरीवर पाच वेळा गेलो.

"तुमाला दुखलं नाय?" गोजराचा आवाज चिरका झाला होता.

"मिठागराचा पाय आहे. तुझ्या माहेरच्यांसारखा लोण्याचा नाही."

हळद भरून फडकं बांधलं. गावात मीच सगळ्यांना सांगितलं. शिंप दाखवली. लोक बघून थक्क झाले. पंढरीलाही दाखवली. तो शिंपेकडे न बघता माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्याला हेवा वाटला असेल.

२९ जानेवारी

थंडी आहे. पाय गार पडतात असं गोजरा हात लावून म्हणाली. मला काही गार वाटत नव्हते, पण बाईचा शब्द मोडू नये म्हणून चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी घेतली आणि डुलकी काढली. उठलो तर अंगठ्याला लिंबाएवढा फोड. वीट एवढी तापली होती तर सांगायला नको का कुणी?

आता उजव्या पायाला खाली जखम, वर फोड. पण दुखत नाही, हे महत्त्वाचं. दुखत नाही ते बरं होत आलेलं असतं.

६ फेब्रुवारी

घरात कुबट वास येतो आहे. गोजराने सुके बोंबील बाहेर काढून उन्हात टाकले, तरी वास आहे. मग सुकटाची बरणी शेजारी पाठवली. तरी आहे. आज तिने कौलांत मेलेला उंदीर शोधायला शिडी लावली. मी ओटीवर बसून सांगत होतो, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. ती शिडीवरून म्हणाली, "वर वास नाय. वास खाली हाय."

मग खाली उतरली आणि बराच वेळ माझ्या बाजूला बसली. माझ्याजवळ प्रेमाने बसायचे दिवस गेले तिचे, म्हणून मला जरा आश्चर्यच वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हात होत नाही. आज पहिलं मीठ ओढलं. पश्चिमेच्या पाच वाफ्यांतलं पांढरं निघालं. पूर्वेच्या सहांतलं काळं. मीठ ओढायची फळी मारली की चिखलाचे लोंढे. शेठने मूठभर उचलून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मुकादम, हे काय, कोळसा काढायचा धंदा सुरू केला का आपण?"

लोकांना टोमणे मारायचं काम माझं. मला उलट टोमणा कधी कोणी मारत नाही, त्याची सवयच नाही. तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "पूर्वेला पंढरीची रांग होती. मी पास केलं तेव्हा बरोबर होतं. नंतर पाणी घेताना यांनी तळ उकरला असणार. पाय मारायचं सोडून गप्पा मारतात."

पंढरी आणि गप्पा! वर्षाला दहा वाक्यं. सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कोणी बोललं नाही, कारण अठ्ठावीस वर्षांचा तळवा बोलला होता. शेठने पंढरीला तुडवणीतून काढून मिठाच्या पाट्या वाहायला लावलं. सहा वाफे उपसून पुन्हा तुडवायचे ठरले. दहा दिवसांनी मी पास करायचे.

पंढरी पाटी उचलायला गेला तेव्हा माझ्या बाजूने गेला. थांबला नाही. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

१८ फेब्रुवारी, शनिवार

नामदेव आला. घरात शिरल्या शिरल्या नाक मुरडलं आणि गोजराकडे बघितलं. दोघांचं आधी ठरलेलं दिसलं. म्हणजे बाईने शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं, घरात सातवी पास नवरा बसलेला असताना!

नामदेवने पिशवीतून काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळं पाणी काढलं. त्यांच्या कंपनीच्या केमिस्टने शिकवून पाठवलेलं. मला म्हणाला, "तात्या, थोडी लघवी द्या."

जावयाने आजवर पुष्कळ काही मागितलं. हे नवीन होतं.

निळ्या पाण्यात आठ थेंब टाकून उकळलं. मी म्हटलं, आता यातून काय, कबूतर निघणार? नामदेव म्हणाला, "निळं र्‍हायलं तर बरं. हिरवं झालं तर जपून."

ते निळं होतं, मग हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी. थांबेचना. शेवटी नळीत विटेसारखा लाल गाळ बसला.

"आणि असं झालं तर?"

"तर तात्या, परवा ठान्याला. डॉक्टर असतील तेवा. पन आधी पाय दावा."

मी नाही म्हटलं. गोजराने माझं ऐकलं नाही. फडकं सोडलं. अंगठ्याचं टोक काळं होतं. वास तिथून येत होता. बारा दिवस मी ओटीवर बसून तिला कौलांत उंदीर शोधायला लावत होतो, आणि उंदीर माझ्याच पायात होता.

तरीसुद्धा दुखत नव्हतं. मी हे दोघांना परत परत सांगितलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

एसटीने ठाण्याला गेलो. डॉक्टर कमळाकर प्रधान. चार खाटांचा दवाखाना, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं शाळामास्तरासारखं.

"डोळे मिटा," म्हणाले. "मी तुमच्या पायाला टाचणी लावीन. लागली की 'लागली' म्हणा."

मी डोळे मिटले. म्हटलं, बघू तुमची टाचणी, शिंपेने काही केलं नाही तिथे टाचणी काय करणार. वाट बघत बसलो. पलीकडे कंपाउंडर बाटल्या धूत होता त्याचा आवाज येत होता. आणखी वाट बघितली. मग कंटाळून म्हटलं, "डॉक्टर, करा की सुरू."

डॉक्टर म्हणाले, "झालं."

डोळे उघडले. दोन्ही पायांवर बारीक बारीक लाल ठिपके होते, तळव्यांवर, टाचांवर, घोट्यापर्यंत. चांगले वीस-पंचवीस. गोजरा भिंतीशी उभी होती आणि पदर तोंडात धरून रडत होती. तिने सगळं बघितलं होतं. मला त्यातली एकही लागली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे, म्हात्रे. पुष्कळ वर्षांचा असावा. साखर रक्तात साठत गेली की पायाच्या नसा मरतात. आधी आग होते, मुंग्या येतात. मग एक दिवस सगळं थांबतं आणि माणसाला वाटतं बरं झालं."

मी विचारलं, "कधीपासून मेल्या असतील?"

"तीन-चार महिने तरी झाले असतील. दुखत नाही हेच तुमचं दुखणं आहे. अंगठा काढावा लागेल. आज दाखल झालात तर पाय वाचेल. आठ दिवस थांबलात तर मी शब्द देत नाही."

मी म्हटलं बुधवारी वाफे पास करायचे आहेत, तेवढं करून येतो. डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी बघतो, कोणी चिखलात पांढरी चादर वाळत घालताना दिसलं तर. शेवटी इंजेक्शन टोचलं, दोन दिवसांची मुदत दिली, आणि जखमेचा पाय पाण्यात घालायचा नाही अशी शपथ घातली. इंजेक्शन दंडात होतं. ते मात्र लागलं.

२१ फेब्रुवारी

परतीच्या एसटीत एकच हिशेब डोक्यात होता. पायाच्या नसा तीन-चार महिने मेलेल्या. म्हणजे जानेवारीत मी पाण्यात उतरलो तेव्हा टाचेला काही कळतच नव्हतं. अकरा वाफे मी पास केले नाहीत. मी फक्त पाण्यातून चाललो. शेठचा कुत्रा चालला असता तरी तेवढंच काम झालं असतं.

आणि पंढरीची टाच खरी होती.

आता उद्या काय? डावा पाय धड आहे, म्हणजे दिसायला धड. तो टाकून "बसला" म्हणता येईल. पोरांनी दहा दिवस जीव तोडून तुडवलं आहे, बसलाच असेल. मग मी ठाण्याला जाईन, गावात सांगीन की शिंपेने पाय चिघळला. मुकादमकी शाबूत. पंढरीला महिन्याभराने मीच शेठला सांगून परत रांगेत घेईन, म्हणजे उपकारही माझेच. किती सोपं आहे! सातवी शिकलेल्या माणसाला असं बरोबर सुचतं.

आणि मी नुसता पंढरीला पाट्या वाहायला लावून थांबलो नाही, त्याला गप्पा मारणारा म्हटलं. ते जास्त खुपतं.

तळवा गेला तर माझ्याकडे राहतं काय? ओरडणं. त्याला कुत्रा आहे.

गोजराला विचारलं काय करू. ती म्हणाली, "मना कं इचारता? पाय तुमचा."

२२ फेब्रुवारी, बुधवार

शेठ छत्री घेऊन उभे. सगळी रांग उभी. पलीकडे पंढरी डोक्यावर पाटी घेऊन मिठाच्या राशीकडे चाललेला. मी बंधाऱ्यावर बसून डावा पाय पाण्यात सोडला, वाफ्याच्या कडेला. टाच टेकवली. टेकली असावी. पाणी गार होतं की कोमट, तेही कळेना.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "बसला" शब्द जिभेवर तयार होता, अठ्ठावीस वर्षं आपोआप येतो तसा. शेठ म्हणाले, "मुकादम, बोला की. ऊन होतंय."

मी ओरडलो, "पंढरी! पाटी ठेव. हिकडं ये."

तो आला. मी म्हटलं, "उतर. आणि सांग."

शेठ म्हणाले, "हा कशाला?"

मी म्हटलं, "शेठ, काळं मीठ माझं आहे. पंढरी खरं बोलला होता. माझा पाय मेला आहे. डॉक्टरने वीस टाचण्या टोचल्या, मला एक कळली नाही. जानेवारीतसुद्धा मला काही कळलं नव्हतं. मी उगाच बसला म्हणालो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी काहीतरी उलट बोललो असतो. मला एकदम रडू आलं. सगळ्या रांगेसमोर, बंधाऱ्यावर बसून, बावन्न वर्षांचा बाप्या ढसाढसा रडलो. लाज वाटली, पण थांबवता येईना.

पंढरी पाण्यात उतरला. टाच टाकत टाकत सहाही वाफ्यांतून गेला. घाई केली नाही. चौथ्यात थांबला, परत मागे आला, पुन्हा टाच टाकली. "यो आजून दोन दिस पायजे. बाकी बसले."

शेठने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग मला दोघांनी खांद्याला धरून एसटीपर्यंत नेलं. एका बाजूला पंढरी होता. वाटेत मी त्याला म्हटलं, "मी तुझ्यावर खोटं घातलं." तो म्हणाला, "हाव." मला सावरत चालत राहिला. मग म्हणाला, "शिंप दावलीत ना मना, तवाच मना समाजलं व्हतं. पन मुकादमाला कसा सांगनार?"

२ मार्च, होळी

अंगठा गेला. शेजारचं बोटही गेलं, सोबत म्हणून. पाय राहिला.

गावात आज होळी आहे. इथे दवाखान्यात मला कारल्याची भाजी आहे. पुरणपोळीचं नाव काढलं तर डॉक्टर प्रधान चष्म्यावरून बघतात. पाच जणांच्या घरी पोळी पोचवता आली असती एवढी साखर माझ्या अंगात आहे म्हणे, आणि मला एक घास नाही.

गोजरा रोज सुई उकळायला शिकते आहे. इंजेक्शन आता जन्मभर. पहिलं तिने लिंबाला दिलं, दुसरं मला. लिंबू ओरडलं नव्हतं, त्यामुळे माझं ओरडणं ऐकून ती घाबरली.

११ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांचा हुकूम: अनवाणी एक पाऊल नाही, घरातही नाही. नामदेवने मुंबईहून कॅनव्हासचे बूट आणले. सगळ्या गावाने येऊन बघितले. एक म्हातारी म्हणाली, साहेब झालास रे गोटीराम. दोन बोटं दिली की साहेब होता येतं, हे आधी माहीत असतं तर तरुणपणीच झालो असतो.

आज मिठागरावर गेलो. शेठने मुकादमकी ठेवली आहे, ओरडण्यापुरती. वाफ्यात पायताण घालून कोणी उतरत नाही. शेठसुद्धा नाहीत. धान्याच्या खळ्यात जसं कोणी चपला घालून जात नाही तसं. माझ्या बापाच्या आधीपासूनची रीत आहे आणि मीच कित्येकांना त्यावरून शिव्या घातल्या आहेत. डॉक्टर बूट काढू देत नाहीत, रीत बूट घालून उतरू देत नाही. म्हणजे मी वाफ्यात आता कधीच उतरणार नाही. हे मला बंधाऱ्यावर उभं राहिल्यावर कळलं, घरी बुटांची नाडी बांधताना कळलं नव्हतं.

एक वाफा दुरुस्त करून पुन्हा तुडवला होता. पंढरी उतरला. टाच टाकली आणि वर माझ्याकडे बघून म्हणाला, "कं बोलता मुकादम, बसला?"

मान द्यायची त्याची पद्धत. सगळे थांबले. मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तुझ्या टाचेला विचार."

त्याने पुन्हा टाच टाकली, थोडा थांबला. "बसला," म्हणाला. लगेच पाणी सोडलं. मग कोणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे पाण्याकडे बघत होते. मीही बघत होतो. संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहिलो.

घरी आलो. दिवे लागायच्या आधी गोजराने नेहमीप्रमाणे पाटावर बसवून बूट काढले आणि तळवे बघायला घेतले. रोज बघते, मला वाकून दिसत नाही. डावा बघितला. उजव्या बुटात हात घालून तिने काहीतरी बाहेर काढलं. मिठाचा खडा, बोराएवढा, धारदार. तळव्यावर त्याचा लाल खळगा पडला होता. म्हणजे दिवसभर मी त्याच्यावर उभा होतो.

तिने खडा माझ्या हातात दिला. मी मूठ घट्ट मिटली. हाताला तो टोचला, चांगला टोचला. मी बराच वेळ मूठ उघडली नाही.